भीमाशंकरला खालून कसे जावे : नवशिक्यांसाठी

ही पुस्तिका फक्त खालून जाणाऱ्यांसाठी आहे. वरून जाणाऱ्यांना पुस्तिका लागत नाही. ते पुण्याहून एसटीत बसतात, मंचर-घोडेगाव मागे टाकतात, वळणांवर उलटीची गोळी शोधतात आणि देवाच्या डोक्यावर उतरतात. खालून म्हणजे कोकणातून. नेरळला लोकलमधून उतरायचं, कशेळे करत खांडस गाठायचं आणि सह्याद्रीची भिंत पायांनी चढायची. वाट जुनी आहे. वरचा डांबरी रस्ता येण्याआधीपासून खालच्या वाड्यांतली माणसं शिवरात्रीला याच वाटेनं चढत आली. डोक्यावर बोचकं, पायांत असली तर वहाण. त्यांनी कुठलीही पुस्तिका वाचली नव्हती. तुम्ही वाचताय, यावरून तुमची तयारी किती आहे ते आमच्या लक्षात आलंय.

साहित्य

पाणी माणशी तीन लिटर. इथं वाचक म्हणतो, "दोन पुरेल." वाचकाला म्हणू द्यावं. वाटेतल्या पदरवाडीच्या अलीकडे तो दुसऱ्याच्या बाटलीकडे बघायला लागला की त्याला ही ओळ वाचून दाखवावी. बूट जुने, पण तळ शाबूत असलेले. नवे बूट दुकानात चालून बघितले होते, हा मुद्दा गैरलागू आहे. दुकानाला उतार नसतो. टोपी, गूळ-शेंगदाणे, दोन लिंबं, आणि सकाळी निघणार असलात तरी बॅटरी. सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत भरा आणि ती पिशवी घरी परत आणा. ब्लूटूथ स्पीकर आणू नये. गाणी लावल्याशिवाय ज्याचं पाऊल उचलत नाही त्यानं सोसायटीच्या गच्चीत फेऱ्या माराव्यात, तेवढाच व्यायाम होतो.

शिवाय एक 'मी जाऊन आलोय' लागतो. तो शोधावा लागत नाही, दर ग्रुपमध्ये आपोआप निघतो. त्याला एवढंच विचारा, "एसटीनं गेला होतास का?" उत्तराआधी तो खोकला तर खांडसमध्ये वाटाड्या घ्या. खोकला नाही तरी घ्या. पैसे आधी ठरवा, आणि आल्यावर दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करू नका. मॉलच्या पार्किंगला याहून जास्त देता.

मोसम

सगळ्यांना पावसाळ्यातच जायचं असतं. श्रावणी सोमवारी तर वर देव कमी आणि छत्र्या जास्त दिसतात. पावसात ही वाट सुंदर असते यात वाद नाही, पण दगडाला शेवाळ धरतं, ओढे तासाभरात फुगतात आणि धुक्यात आपलाच हात आपल्याला अनोळखी वाटतो. कर्जत तालुक्यातल्या धोक्याच्या जागांवर पावसाळ्यात प्रशासन बंदीचे आदेश काढतं. हा आदेश दुसऱ्या कुणासाठी आहे असं ज्यांना वाटतं त्यांना शोधायला नंतर गावातलीच पोरं दोर घेऊन जातात. याच दिवसांत कुजक्या लाकडावरची बुरशी रात्री हिरवट चमकते, हे कुठंतरी वाचून काहीजण अंधारात जंगलात शिरायला निघतात. हे अभयारण्य आहे. रात्री आपण झोपावं, बुरशीला चमकू द्यावं.

नवशिक्यानं दिवाळीनंतर जावं. मे महिन्यात गेलात तर ऊन आहे, पण करवंदंही आहेत.

पायरी पहिली : नेरळला उतरणे

स्टेशनाबाहेर पाऊल टाकताच टॅक्सीवाले विचारतात, "माथेरान?" नाही म्हणा. ते पुन्हा विचारतील, कारण शहरातला माणूस नेरळला उतरून दुसरीकडे कुठं जातो हे त्यांच्या अनुभवात बसत नाही. दोष त्यांचा नाही. १९०७ साली पीरभॉय कुटुंबानं दोन फुटी रुळांवरून गाडी माथेरानला चढवली, तेव्हापासून मुंबईकराला नेरळ म्हणजे फक्त गाडी बदलण्याची जागा वाटते. तुम्ही माथेरानकडे पाठ करा आणि पूर्वेला बघा. हवा स्वच्छ असेल तर क्षितिजावर डोंगरांची आडवी रांग दिसते. आपल्याला तिच्यावर जायचं आहे. 'तिच्यापर्यंत' नव्हे, 'तिच्यावर'. ज्यांना इथूनच परत जायचं असेल त्यांच्यासाठी पलीकडच्या फलाटावर लोकल येते.

त्याच रांगेत सिद्धगड आहे. त्या जंगलात २ जानेवारी १९४३ रोजी पोलिसांच्या गोळ्यांनी भाई कोटवाल आणि हिराजी पाटील पडले. इंग्रज सरकारचे विजेचे मनोरे पाडणाऱ्या आझाद दस्त्याची ही माणसं. कोटवाल तर इथलेच, माथेरानचे. नेरळ-कर्जत भागात त्यांच्या नावाचे चौक आणि फलक जागोजाग दिसतील. त्यांच्या नावापुढे सेल्फी काढायची नसली तरी दोन मिनिटं थांबायला हरकत नाही.

बाजारात जून लागताच ठाकरवाड्यांतल्या बाया शेवळं घेऊन बसतात. तपकिरी-जांभळट कोंबांच्या जुड्या, आणि शेजारी हिरवी आंबट काकडं. काकडं का, तर शेवळं घशाला खाजतात, आणि काकडांनी खाज मरते. "मावशी, नुसती शेवळंच द्या," म्हणालात तर मावशी तुमच्याकडे बघून काकडं न विचारता पिशवीत टाकते. टाकू द्या. पण हे सगळं परतीला घेऊ असं ठरवू नका, परतीपर्यंत बाजार उठलेला असतो. मे महिन्यात पानांच्या द्रोणांतून करवंदं-जांभळं मिळतात. ती मात्र घ्या आणि खात चला.

कशेळ्याला जायला शेअर गाडी मिळते. गाडी भरली की सुटते. भरली म्हणजे किती माणसं, हा प्रश्न विचारू नका. तुम्हाला भरली वाटते तेव्हा ती अर्धी झालेली असते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना 'निसर्गाच्या कुशीत' असं लिहिलेले फलक लागतात. त्या प्रत्येकाच्या मागं जेसीबीनं सपाट केलेला एक तुकडा असतो, आणि तिथं काही वर्षांपूर्वीपर्यंत भात होत होता. कशेळ्याला गाडी बदला, वडापाव खा. पुढं खांडस.

पायरी दुसरी : वाट निवडणे

खांडसच्या पुढं एक पूल लागतो. तिथून एक वाट गणेश घाटाला जाते आणि दुसरी शिडी घाटाला. शिडी घाट कमी वेळात वर नेतो, म्हणून 'मी जाऊन आलोय' तोच सुचवेल. कड्याला लावलेल्या लोखंडी शिड्या, त्यांच्या मधले दगडी टप्पे, आणि एका बाजूला काहीच नाही. या 'काहीच नाही'बद्दल नवशिक्याला पुरेशी कल्पना नसते. गावातल्या कुणाला तरी विचारावं.

"मामा, शिडीच्या वाटेनं जाता येईल का?"

"येईल की."

"आणि सोपी आहे का?"

"सोपी हाय. पडायला पण सोपी हाय."

नवशिक्यानं गणेश घाटानं जावं. हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं, आणि तरीही शिडीनं जायचंच असेल तर निदान पावसात जाऊ नये आणि त्या वाटेनं उतरू नये.

"किती वेळ लागेल?" हा प्रश्नही मामांना विचारायचा मोह होतो. उत्तर येतं, "हे काय, दोन तासांत देवळात." ते खोटं बोलत नाहीत. त्यांना दोन तास लागतात. तुम्ही त्याच्या दुप्पट धरा, त्यात फोटोंचा एक तास मिळवा, आणि ज्यानं नवे बूट घातलेत त्याच्यासाठी आणखी एक.

पायरी तिसरी ते नववी : चालणे

या पायऱ्यांत विशेष असं काही नाही. एक पाय पुढं टाकायचा, मग दुसरा.

गणेश घाटाची वाट आधी उघड्या उतारावरून जाते. वाटेत गणपतीचं छोटं देऊळ लागतं, त्यावरूनच घाटाचं नाव. इथं बसावं, पाणी प्यावं, आणि 'आलं का?' असं विचारू नये. समोर पदरगडाचा सुळका उभा राहतो. तो इतका जवळ दिसतो की कुणीतरी म्हणतंच, "हा पण करून टाकू या का?" पदरगडावर जायला खडकातल्या अरुंद चिमणीतून अंग घासत चढावं लागतं. ज्यानं हे सुचवलं त्याच्या पाठीवर सगळ्यांच्या बाटल्या द्याव्यात.

वाट पदरगडाला वळसा घालून एका मधल्या सपाटीवर येते. ही पदरवाडी. शिडी घाटवालेही इथंच येऊन मिळतात. त्यांचे चेहरे बघितले की गणेश घाट घेतल्याचं समाधान वाटतं. झोपडीत चहा मिळतो. कोरा, गोड आणि शहरातल्या कुठल्याही चहापेक्षा बरा. किंमत विचारून भुवया उंचावू नका. तुम्ही रिकाम्या पाठीनं धापा टाकत आलात. ती साखर आणि ती चहापत्ती याच वाटेनं कुणीतरी पाठीवरून आणलीय.

इथून पुढचा टप्पा खरा. उघडं रान संपतं आणि वाट झाडीत शिरते. दोन-चार पावलांत ऊन गायब होतं, मानेवरचा घाम गार पडतो, आणि मोठ्यानं बोलणारेसुद्धा आवाज खाली आणतात. कुणी सांगितलेलं नसतं. अंजन, जांभूळ, हिरडा, आंबा यांचे शेंडे वर एकमेकांत गुंतलेले असतात, खाली कारवीचं रान. ही कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते. ज्या वर्षी तुम्ही गेलात त्या वर्षी ती फुलली नसेल तर तक्रार कुणाकडेही नोंदवता येत नाही.

जपानात डोंगरातल्या शिंतो देवस्थानाला जाताना आधी तोरी नावाची कमान लागते. तिच्यापाशी वाकून नमस्कार करायचा, मधोमध चालायचं नाही, कारण मधली वाट देवाची. मग हौदावर लांब दांड्याच्या पळीनं आधी डावा हात धुवायचा, मग उजवा, मग चूळ भरायची. आजूबाजूचं जंगल देवळाचाच भाग, त्याला हात लावायचा नाही. आपल्याकडे भीमाशंकरला खालून येताना कमान नाही, हौद नाही, पाटी नाही. पण वाकायची सोय चढणीनं करून ठेवली आहे, हातपाय ओढ्यात धुतले जातात, आणि जंगलाला हात न लावण्याचं कलम तर आपल्याकडेही जुनं आहे. देवराईतली वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, नेली तर देव कोपतो. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला तेव्हा त्यांना हेच दिसलं, की आजूबाजूचे डोंगर बोडके झाले तरी देवाच्या नावानं राखलेले तुकडे उभे होते. भीमाशंकरचं अभयारण्य जाहीर झालं १९८५ साली. त्याआधी कितीतरी पिढ्या हे काम देवाच्या धाकानं, बिनपगारी चाललं होतं. आमच्या मते वर देवळात जे आहे त्याच्याइतकंच दर्शन या टप्प्यात होतं, आणि इथं रांग नसते.

शेकरू कसा बघावा

महाराष्ट्राचा राज्यप्राणी याच जंगलात राहतो, आणि अभयारण्य करण्यामागं त्याचं रक्षण हे मोठं कारण होतं. त्यामुळे प्रत्येक नवशिक्याला तो बघायचा असतो. न दिसण्याची कृती सोपी आहे : दहाजणांनी ओळीनं चालावं, प्रत्येकानं "ए, शेकरू कुठाय?" असं विचारावं आणि एकानं माकड बघून "तो बघ!" म्हणून ओरडावं.

दिसायचा असेल तर आधी खाली बघा. वाटेवर अर्धवट कुरतडलेली ताजी फळं, सालींचे तुकडे पडलेले दिसले की थांबा. मग वर बघा. उंच फांद्यांच्या बेचक्यात पानाकाटक्यांचे मोठे गोळे दिसतील. ती त्याची घरटी. एकाच शेकराची अनेक असतात, त्यामुळे एका घरट्याखाली बसून राहण्यात अर्थ नाही. मग कान द्या. कुणीतरी लाकडी खुळखुळा झपाझप वाजवावा तसा आवाज आला की तो तुम्हाला बघून चिडलेला आहे. म्हणजे तुम्ही त्याला दिसलात, निम्मं काम झालं. पाठ गडद तांबूस, पोट फिकट पिवळसर, आणि अंगापेक्षा लांब झुपकेदार शेपूट फांदीवरून लोंबकळत सोडलेली. तो एका झाडावरून दुसऱ्यावर वीस-वीस फूट उडी मारतो आणि सहसा जमिनीवर उतरत नाही. म्हणूनच वरचे शेंडे तुटले की त्याचा रस्ता तुटतो. बिस्किट दाखवून त्याला खाली बोलावू नका. तो येणार नाही; माकडं येतील, आणि ती पिशवी घेऊन जातील.

शेवटची पायरी : दर्शन

समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार फूट चढून आल्यावर नवशिक्याला एक धक्का बसतो. देऊळ वर नाही. ते खोलगट जागेत आहे, आणि स्टँडकडून पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. एसटीनं आलेले लोक या पायऱ्यांवरून परतताना धापा टाकत म्हणतात, "फारच चढ आहे हो." त्यांना काही बोलू नका. तुमचे बूट बघून ते आपोआप गप्प होतात.

पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना दुकानं आहेत : रुद्राक्ष, पेढे, प्लॅस्टिकचे डमरू. जंगलातून आल्यावर हे डोळ्यांत खुपतं. ज्यांना खुपत नाही त्यांनी खालून येण्याची तसदी का घेतली ते त्यांनाच माहीत. देवळात जाण्याआधी ते दर्शनासाठी उघडं आहे ना, याची चौकशी घरून निघतानाच केलेली बरी. परिसरात कामं निघाली की दर्शनाच्या व्यवस्था बदलतात.

देऊळ काळ्या दगडाचं आहे. शिखराचं बांधकाम अठराव्या शतकातलं, त्याचं श्रेय नाना फडणवीसांना देतात. पण आमची शिफारस अशी की आधी घंटा बघा. १७३९च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी ठिकठिकाणच्या देवळांना वाहिल्या. त्यातली एक ही. तिच्यावर क्रूस आहे आणि १७२९ हे साल कोरलेलं आहे. शंकराच्या दारात क्रूस असलेली घंटा आज जवळपास तीनशे वर्षं कुणाच्याही भावना न दुखावता टांगलेली आहे. वसईहून ती या डोंगरावर कशी चढवली असेल याचा विचार करावा, विशेषतः ज्यांनी तिसरा लिटर पाणी जड होतं म्हणून आणला नाही त्यांनी.

कथेत सांगतात, त्रिपुरासुराशी लढून शंकर इथं टेकले आणि त्यांच्या घामाची भीमा नदी झाली. खालून आलेल्या माणसाला ही कथा चटकन पटते. भीमा पूर्वेला जाते, पंढरपूरला चंद्रभागा म्हणवून घेते आणि पुढं कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराची वाट धरते. तुम्ही गाळलेला घाम मात्र पश्चिम उतारावरचा. तो उल्हास नदीच्या खोऱ्यात जातो आणि उल्हास वसईच्या खाडीत. घंटा जिथून आली, तिथं.

दुसरी कथा कुंभकर्णाच्या मुलाची, भीमासुराची. तिच्यात कामरूपाचा उल्लेख येतो, म्हणून आसामचाही या ज्योतिर्लिंगावर दावा आहे. २०२३च्या शिवरात्रीच्या तोंडावर तिथल्या सरकारनं तशी जाहिरात दिली आणि आपल्याकडे बराच गदारोळ झाला. रांगेत मागचे काका हा विषय काढतील. हो म्हणा. अंगात वाद घालण्याइतका जीव उरलेला असेल तर तुम्ही बहुधा एसटीनं आला आहात.

गाभाऱ्यात फार वेळ मिळत नाही. मागून "चला, चला, पुढं चला" असा पुकारा चालू असतो. तेवढ्यात काय मागायचं ते आधी ठरवून ठेवा. गुडघे मागावेत, असा आमचा सल्ला आहे.

परत

दर्शन, जेवण आणि दुकानं करून घड्याळात दुपारचे दोन वाजून गेले असतील तर खांडसकडे उतरू नका. झाडीत अंधार लवकर पडतो, उतरताना वाटा चढताना दिसल्या तशा दिसत नाहीत, आणि 'मी जाऊन आलोय' आता पूर्ण गप्प झालेला असतो. स्टँडवरून पुण्याची एसटी घ्या आणि तिथून रेल्वेनं मुंबईकडे या. लांब पडतं, पण घरी पोचता. दोनच्या आत निघालात तर आल्या वाटेनं, गणेश घाटानं, वाटाड्यासोबत उतरा. खांडसहून कशेळ्याची गाडी अंधार पडल्यावर मिळेल असं धरून चालू नका. सकाळी ज्या गाडीनं आलात त्याच ड्रायव्हरला परतीची वेळ सांगून ठेवा, आणि दिलेली वेळ पाळा.